माउलीचा खरवस

रानात इतक्या प्रकारचा बुळबुळीतपणा पडलेला असतो, हे वझरवाडीला केतकी रेडकर नोकरीला लागल्यावरच कळलं. त्याआधी लोक अशा गोष्टींवरून सरळ चालत जात आणि पाय गवताला पुसत. आता मात्र गावाच्या वरच्या अंगाला जैवओळख केंद्र उघडलं होतं, आणि तिथे बसलेल्या बाई काहीही दाखवलं तरी त्याचं नाव सांगतात अशी ख्याती पार घाटाखालपर्यंत गेली होती. त्यामुळे पावसाचा जोर ओसरला आणि धुकं जमिनीवर येऊन बसलं, की माणसं पानांवर, करवंट्यांत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत लिबलिबीत गोळे घेऊन तिच्या दारात रांग लावत.

बहुतेक गोष्टी केतकी लांबूनच ओळखायची. ही बेडकाची अंडी, जिथून आणली तिथे नेऊन ठेवा. हा डिंक. ही कुजक्या फांदीवरची बुरशी, कानाच्या पाळीसारखी दिसते ना, तीच. हे खडकावरचं शेवाळ, ऊन पडलं की वाळून पापडी होतं. एकदा तर सरपंच स्वतः चकचकीत गोळ्यांनी भरलेला डबा घेऊन आले. उल्केबरोबर आकाशातून पडलं असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. ते पर्यटकांच्या कुठल्याशा बाळाच्या फेकून दिलेल्या डायपरमधलं निघालं. सरपंचांनी पुढे तो विषय काढला नाही.

जे बघून कळत नसे त्यासाठी ओळखणी होती. साबणाच्या वडीएवढं यंत्र. त्याच्या खाचेत थेंबभर नमुना सोडायचा, चहा होईपर्यंत थांबायचं, की पडद्यावर सगळं कूळ-मूळ हजर. पेशीतल्या जनुकांवरून ते जीव ओळखे. दहा वर्षांपूर्वी अशा कामाला अख्खी प्रयोगशाळा लागायची. आता ओळखणी शहरांत मोबाईलच्या दुकानातसुद्धा मिळू लागली होती. लोक तिच्यात भाजी घालून बघत, पाणी घालून बघत, आणि कधीकधी बघू नये तेही घालून बघत.

केतकीचा तिच्यावर फार जीव. नाव नसलेली गोष्ट समोर असली की तिला चैनच पडायचं नाही. नवरा, श्रीपाद, घराशेजारी रोपवाटिका चालवायचा. तो चिडवायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी दारावरचं शेवाळ खरवडेल." ती म्हणायची, "खरवडेन. नाव कळल्याशिवाय आत पाऊल टाकू कशी?"

त्या दिवशी अनसूयामावशी आली ती कुंभ्याच्या पानावर काहीतरी झाकून घेऊन. गावाच्या टोकाला माउलीची राई आहे, तिथे झाडलोट करण्याचं काम अनसूया गावडेच्या घराण्याकडे. राईचे नियम जुने आणि कडक. तिथलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही. आत जायचं ते फक्त बायकांनी, आणि तेही अनवाणी. पुरुषांनी हद्दीच्या दगडाशी थांबायचं, नारळ तिथेच ठेवायचा.

"बाई, ह्या काय असा ता बघा," अनसूयामावशीने पान पुढे केलं. "राईतल्या वाटेर पसारला. पाय देव की नको, काय कळना नाय. मी आपला माउलीचो खरवस म्हणतंय. बघून झाला की परत नेवन ठेवतंय."

नाव अगदी शोभत होतं. फिकट पिवळं, थरथरणारं, आतून उजेड आल्यासारखं. केतकीने आजवर शेकडो गोळे पाहिले होते, पण असं काही नाही. तिने थेंबभर ओळखणीत सोडलं आणि चहा टाकला.

चहा उकळून उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली: अज्ञात श्लेष्मकवक. दुसरी: माणूस.

"मावशी, बोटानं उचललंत ना हे?"

"नाय गे बाय! काठयेन पानार घेतलंय. माउलीच्या वस्तूक मी हात लावीन?" अनसूयामावशी चांगलीच दुखावली.

केतकीने दुसरा थेंब घातला, तिसरा घातला. उत्तर तेच. मग तिने यंत्राला विचारलं, हा माणूस कोण? ओळखणीला माणसांची नावं ठाऊक नसतात. तिला एकाच माणसाची ओळख असते, ती म्हणजे तिच्या मालकाची. तपासणाऱ्याच्या शिंकेतले, नखातले कण नमुन्यात पडतातच. ते वगळता यावेत म्हणून त्याचा स्वतःचा नमुना यंत्रात आधीच भरून ठेवलेला असतो. पडद्यावर उत्तर उमटलं: स्त्री. तपासनीस केतकी रेडकर यांच्याशी निम्मं साम्य.

निम्मं साम्य म्हणजे आई.

केतकीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण जाईपर्यंत दर मंगळवारी ती फुलांची परडी घेऊन त्याच राईत जायची. अनवाणी.

*

श्लेष्मकवक हे नाव मोठं भारदस्त, पण जीव अगदी साधा. तो प्राणी नाही, वनस्पती नाही, आणि नावात कवक असलं तरी बुरशीही नाही. एकच पेशी, पण पसरली तर परातीएवढी होते. तिला मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी ती सरपटत अन्न शोधते आणि ते कुठे मिळालं हे लक्षातही ठेवते. जिथे मिळालं तिकडे जाणारी शीर जाड करते, जिथे काहीच मिळालं नाही तिकडची बारीक. एवढीच तिची आठवण. उन्हाळ्यात ती वाळून पापुद्रा होते आणि ओल आली की पुन्हा जागी होते. तेव्हाही जाड शीर जाडच असते, म्हणजे झोपेत काही विसरत नाही. दोन पेशी एकमेकींना भेटल्या तर मिसळून एक होतात, आणि एकीला ठाऊक असलेलं दुसरीलाही कळतं.

हे सगळं केतकीने कॉलेजात वाचलं होतं. राईत गेल्यावर उरलेलं कळलं.

ती गमबूट घालून गेली. बुटांवर प्लास्टिकच्या निर्जंतुक पिशव्या. अनसूयामावशी हद्दीच्या दगडाशी उभी होती, ती म्हणालीच, "बूट घालून राईत जातास, बाई? माउली काय म्हणतली?" केतकीने समजावलं की अनवाणी गेलं तर आपल्याच पायांचे कण नमुन्यात मिसळतात. मावशीला ते पटलं नाही, पण केतकीबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे गावात सर्वांना माहीत होतं.

आत धुकं इतकं दाट होतं की झाडं एकेक करून समोर येत आणि नमस्कार झाल्यासारखी मागे जात. जमिनीवर, पाचोळ्याखालून, फिकट पिवळ्या शिरा चालल्या होत्या; मावशीने खरवस उचलला ती त्यातली एक. बोटभर जाड. हद्दीच्या दगडापासून निघून ती दोन मोठ्या जांभळांच्या मधून जाई, ओहोळापाशी वळे आणि माउलीच्या पाषाणासमोर येऊन गोल पसरे. माणूस जसा चालतो तशी. मुळं आडवी आली तिथे वळसा, दगड निसरडे तिथे बाजूने.

केतकीला हळूहळू उमगत गेलं. अनवाणी पायाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि प्रत्येक पावलाबरोबर कातडीचे बारीक कण मातीत गळतात. शेकडो वर्षं या जमिनीवर बूट पडला नव्हता. बाकी सारं रान चपलांनी, चाकांनी तुडवलेलं. इथे मात्र उघड्या पायांचं मीठ पिढ्यानुपिढ्या मुरत आलेलं. त्यावर जगायला शिकलेला हा जीव होता. जो पाय पुन्हापुन्हा येई त्याची वाट तो लक्षात ठेवी, आणि त्याचे कण आपल्या चिकात तसेच जपून ठेवी. असलं काही जगात कुठे नोंदलेलं नव्हतं.

पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फोन आला, या आठवड्यात काही विशेष? केतकीने चक्क म्हटलं, "नाही, नेहमीचंच." फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाड्या भरून माणसं आली असती, आणि तिला थोडे दिवस आई एकटीला हवी होती.

ते दिवस फार गोड गेले. मंगळवारी सावंतवाडीला बैठक असे, तेवढा दिवस सोडून रोज संध्याकाळच्या आत ती राईत जाऊन त्या शिरेच्या कडेकडेने चालायची. आई इथे थांबत असेल, इथे पदर सावरत असेल, इथे ओहोळात पाय बुडवून "आई गं, काय गार" म्हणत असेल. काही वेळा धुक्यात पुढे कुणीतरी चाललंय असंही वाटायचं. केतकी शास्त्र शिकलेली बाई. तिला ठाऊक होतं की पुढे कुणी नाही. तरी ती पावलांचा आवाज न करता चालायची, पुढचं माणूस दचकू नये म्हणून.

घरी ती गुणगुणत स्वयंपाक करू लागली. श्रीपाद तिच्याकडे बघत राही. एकदा म्हणाला, "काय मिळालंय तुला राईत?"

"सांगेन," ती म्हणाली. "अजून थोडं बघायचंय."

तो कढीलिंबाच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला, सकाळीच घातलेलं असूनही.

*

त्या घरात न बोलण्याची सवय चार वर्षांपूर्वी लागली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता. तिने तन्मयला घरी आणलं तेव्हा केतकीला तो आवडला होता. शांत, हसरा, वडील लवकर वारलेला मुलगा. वडील कशाने गेले, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, "आजार होता. घराण्यात आहे. मला असेल की नाही ते मी तपासलं नाहीये, आणि तपासायचंही नाही. ऋजूला सगळं माहीत आहे."

दुसरी कुणी असती तर चार रात्री तळमळली असती आणि गप्प बसली असती. केतकीने त्याने प्यायलेला चहाचा कप न विसळता उचलून ठेवला.

आजार असा की चाळिशीच्या आसपास हाताला कंप सुटतो, मग तोल जातो, मग हळूहळू माणूस स्वतःचाच राहत नाही. औषध अजून निघालेलं नव्हतं. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ओळखणीने सांगितलं, तन्मयमध्ये तो आहे.

आणि केतकीने ते जेवणाच्या ताटावर सांगितलं. दोघांना समोर बसवून. आपण लेकीला खड्ड्यात पडण्यापासून वाचवतोय असंच तिला मनापासून वाटत होतं. तन्मयने हातातला घास तसाच ताटात ठेवला. तो रागावला नाही. नुसता उठला, हात धुतले आणि अंगणात जाऊन उभा राहिला. ऋजुता मात्र म्हणाली, "त्याला जे नको होतं ते तू त्याच्या तोंडावर फेकलंस. तुला माणूस दिसतच नाही का गं? नुसता नमुना दिसतो?"

ती दोघं त्याच दिवशी गेली. लग्न झाल्याचं लोकांकडून कळलं. बंगळूरला असतात असंही लोकांकडूनच. केतकीने बरेच फोन केले, एकही उचलला गेला नाही. मी खोटं थोडंच सांगितलं, असं ती स्वतःला समजावत राहिली. तेवढ्याने तिचं भागत मात्र नव्हतं.

*

राईतल्या त्या जाड शिरेला एक बारीक फाटा आहे, हे केतकीच्या एके दिवशी ध्यानात आलं. सुतासारखा. ओहोळाच्या अलीकडे तो जाड शिरेतून निघे आणि पुढे कुठेकुठे तिला येऊन चिकटे. तिने थेंब घेतला, घरी आणला, ओळखणीत घातला. स्त्री. तपासनिसाशी पाव साम्य.

पाव साम्य म्हणजे आजी!

केतकीला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. आई आणि तिची आई, दोघी राईत हात धरून चालल्यात. आजीला तिने जेमतेम पाहिलेलं. केतकी डोळे मिटून बराच वेळ बसली. बाहेर धुकं खिडकीला लागलं होतं, आणि सगळ्या गेलेल्या बायका कुठेतरी जवळच आहेत असं तिला वाटत होतं. इतकं शांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या बारीक शिरेमागोमाग चालायला गेली. आणि तिथे तिचा हिशेब चुकू लागला.

शीर सरळ जातच नव्हती. एका डबक्यापाशी जाई आणि तिथेच गोलगोल फिरे. मग मोठ्या जांभळाला पुरा वेढा, परत उलटा वेढा. मग एकदम जाड शिरेत घुसून नाहीशी, दहा पावलांवर पुन्हा बाहेर. उचलून घेतल्यासारखी. आजी मरणापूर्वी गुडघ्यांनी अधू होती, असं आई सांगायची. गुडघे दुखणारी बाई झाडाभोवती उलटसुलट फेऱ्या मारत नाही.

केतकीने खिशातून ओळखणी काढली. कालचे निकाल तिच्यात होतेच. ओळखणी वयही सांगते. पेशींमध्ये वयाबरोबर काही रासायनिक खुणा साचत जातात, त्या मोजून. या नमुन्यांसाठी केतकीने ते पान उघडलंच नव्हतं. आईचं वय तिला कशाला कुणी सांगायला हवं?

तिने आता उघडलं. जाड शीर: एकतीस वर्षांच्या आसपास. बारीक शीर: तीन.

निम्मं साम्य आईशी असतं. तितकंच लेकीशीही असतं. हे तिने नोकरीत किती जणांना समजावून सांगितलं होतं! केतकी होती तिथे, ओल्या पाचोळ्यात, मटकन बसली. आई गेली होती, ती गेलेलीच होती. तिला आता दुसऱ्यांदा गमावल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी इतकं मोठं मिळालं होतं की ते कुठे ठेवावं तिला कळेना. ती रडली, आणि रडताना त्या सुताएवढ्या शिरेवर आपला बूट पडू नये म्हणून पाय आखडून धरले.

*

श्रीपाद रोपवाटिकेत रोपं लावत होता. केतकी समोर जाऊन उभी राहिली.

"तिचं नाव काय?"

त्याने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याने काही लपवलं नाही. "जुई," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. ती दोघं बंगळूरला नाहीत आता, आजऱ्याला आलीत. तू मंगळवारी सावंतवाडीला बैठकीला जातेस ना, तेव्हा येते ती. लहानपणी आजीबरोबर राईत जायची, तेच पोरीला दाखवायचं म्हणते. मी हद्दीच्या दगडाशी बसतो, चपला सांभाळत. बाहेर आल्या की पोर मांडीवर येऊन बसते थोडा वेळ."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तिने शपथ घातली होती." तो हातावरची माती झटकत राहिला. "केतकी, रागाव हवं तर. पण मला पोरगी हवी होती गं. निदान दगडापाशी तरी."

ती रागावली नाही. रागवायला तोंडच नव्हतं. तिने त्याला राईतल्या खरवसाचं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता पांढरा पडला.

"म्हणजे जुईचे ते कण... तुझ्या यंत्रात आहेत?"

"आहेत."

"मला हे ऋजूला कळवावं लागेल. एकीशी चोरी केली ती पुरे झाली." तो आत गेला, फोनवर बराच वेळ बोलला. बाहेर येऊन म्हणाला, "ती म्हणाली, आईने पोरीचं तपासलं असेल तर मी पुन्हा या बाजूला येणार नाही. बाबा, तुम्हालाही भेटणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात कुणी नव्हतं. टेबलावर ओळखणी होती. पडद्याच्या तळाशी नेहमीसारखाच प्रश्न होता: आनुवंशिक आजारांची छाननी करायची?

एक बोट टेकवायचं, की झालं. कुणाला कळणार नाही. नाही असं उत्तर आलं तर? मग तिला जन्मभर निश्चिंत झोप लागेल. आणि आहे असं आलं, तरी निदान तयारीला तीस-पस्तीस वर्षं मिळतील. औषधं शोधणाऱ्यांना गाठता येईल, काहीतरी करता येईल. हे सगळं खरंच होतं. केतकीने जन्मात खोटा युक्तिवाद केला नव्हता. चहाच्या कपाच्या वेळीही तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं.

तिने बोट पुढे केलं. मग तिला राईतली ती बारीक शीर आठवली, डबक्याभोवती गोलगोल फिरलेली. तीन वर्षांची पोर ओल्या मातीत आनंदाने भिरभिरत होती, आणि त्या आनंदातून जे सांडलं ते आपण थेंबभर उचलून आणलंय. तिला न विचारता. आज उत्तर कळलं की उद्यापासून आपण त्या पोरीकडे बघणार नाही, त्या उत्तराकडेच बघत राहू. ती पडली, धडपडली, हातातून पेला निसटला, की दर वेळी आपल्या काळजात चर्र होईल, आणि ते तिला आपल्या डोळ्यांत दिसेल. तन्मयला दिसलं होतं तसं.

केतकीने बोट मागे घेतलं. कुठल्याही प्रश्नावर तिने असं आजवर केलं नव्हतं. तिचा जीव अक्षरशः कासावीस झाला. तहानलेल्याने पाण्यापासून उठावं तशी ती टेबलापासून उठली.

नमुन्याची कुपी घेऊन ती राईकडे गेली. हद्दीच्या दगडाशी तिने गमबूट काढले. तिच्या पायांची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली झाली होती. माती गार होती, आणि तिला वाटलं होतं त्याहून मऊ. धुक्यातून दोन झाडांमधून दुधाळ उजेड येत होता. तिने तो थेंब सुताएवढ्या शिरेवर अलगद सोडला. तो क्षणभर वेगळा दिसला, मग शिरेत मिसळून गेला. मग जाड शिरेचा थेंबही तिने तसाच परत दिला. खूप वेळ ती तिथे उभी होती. पायांखालची ओल हळूहळू वर चढतेय असं वाटत होतं, आणि आपण किती वर्षांनी जमिनीवर उभ्या आहोत, असं तिच्या मनात आलं.

पुण्याहून पुन्हा फोन आला. राईत काही सापडलंय असं कानावर आलंय, ओळख पटली का? केतकी म्हणाली, "नाही. आणि ती राई गावातल्या बायकांची आहे. त्यांना विचारल्याशिवाय तिथलं काही पाठवता येणार नाही." पलीकडचा साहेब चकित झाला. केतकीबाईंच्या तोंडून 'नाही' ऐकायची कुणालाच सवय नव्हती.

*

मंगळवारी ती सावंतवाडीला गेली नाही. श्रीपादच्या शेजारी, हद्दीच्या दगडाबाहेर, पुरुष जिथे थांबतात तिथे चपला काढून बसली. "येणार नाही ती," ती सारखी म्हणत होती. श्रीपाद म्हणत होता, "बघू."

धुक्यात आधी आवाज आला. चिवचिवता, अखंड. मग दोघी दिसल्या. ऋजुता वाळली होती, डोळ्यांखाली काळं. तिच्या हाताला धरून एक एवढीशी, गाल फुगवून चालणारी, पिवळ्या स्वेटरमधली. आपल्या आईला पाहून ऋजुता दहा पावलांवर थांबली. तिने जुईला मागे घेतलं.

"बघितलंस?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांनंतरचा पहिला शब्द.

केतकी उठून उभी राहिली. "वय बघितलं. तू आहेस आणि ही आहे, एवढं कळलं. तिथे थांबले."

"पुढचं?"

"पुढचं नाही बघितलं, ऋजू." तिने पर्समधून ओळखणी काढून पुढे धरली. "मी काय काय तपासलं ते सगळं यात राहतं. हे घे. बघ तू."

ऋजुताने यंत्राकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, आईच्या चिखलाने माखलेल्या अनवाणी पायांकडे. तिने यंत्र घेतलं नाही.

जुई हात सोडवून आजोबांकडे धावली. ऋजुताचा चेहरा आवळल्यासारखा झाला, लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचा तसा.

"तन्मयच्या उजव्या हाताला कंप सुटलाय, आई," ती म्हणाली. "गेल्या महिन्यापासून. कपबशी वाजते. आम्ही दोघं ऐकतो आणि दोघंही बोलत नाही."

केतकीच्या ओठांशी कितीतरी गोष्टी आल्या. कुठला डॉक्टर, कुठलं नवं संशोधन, पुढे काय काय होईल, कुठल्या क्रमाने. तिला त्यातलं सगळं पाठ होतं. तिने पुढे होऊन लेकीला जवळ घेतलं. ऋजुता ताठ उभी राहिली, मग एकदम तिच्या खांद्यावर ओघळली.

तिला तसंच धरून केतकीने विचारलं, "ऋजू, तन्मयला जेवायला काय आवडतं गं? माझ्या घरी तो जेवायला बसला होता, आणि मी त्याला तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं."

ऋजुताने पदराने नाक पुसलं. तिला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "शिरवाळे," ती म्हणाली. "नारळाच्या रसाबरोबर. त्याची आई करायची. पण त्या शेवया पाडायला साचा दाबायचा, त्याला जोर लागतो. आता त्याच्या हाताने होत नाही आणि मला एकटीला जमत नाही."

"तुझ्याकडे साचा आहे?"

"आहे. मोडकाय."

"मग माझा घेते," केतकी म्हणाली, आणि चपला शोधायला लागली. "चल आजऱ्याला. दाबायला मी आहे, खाली पान धरायला तू."